अक्काची जीभ

माझ्या आईला सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून आम्ही पोरंही अक्काच म्हणायचो. आमचं गाव नरडाण्याजवळ. उन्हाळा लागला की घरोघर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे वाळवणाचे पापड. ज्वारीचा घाटा कोणाच्याही चुलीवर शिजो, मीठ अक्काने चाखल्याशिवाय तो ओल्या धोतरावर थापायचा नाही, असा गल्लीचा रिवाज. अक्का तोऱ्यात जायची, पळीवरचा घाटा बोटाने चाटायची आणि निकाल द्यायची. त्यावर अपील नव्हतं.

एका वर्षी नेमक्या हंगामात तिच्या हिरड्या सुजल्या. भाकरीला रक्त लागायचं, दात हलायचे. मशेरीनेच बरं होईल हा हट्ट धरून तिने दुखणं वाढवून ठेवलं. शेवटी मी चिडले आणि तिला ओढत धुळ्याला नेलं. दातांच्या डॉक्टरांनी पायरिया सांगितला, दातांवरचं किटण काढलं, मशेरी बंद केली. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या दिल्या आणि चूळ भरायला क्लोरहेक्सिडीनचं गुलाबी औषध. हे चालू असेपर्यंत तोंडाची चव जाईल, असंही बजावलं. गोळी घेतली की तोंडात खिळा धरल्यासारखं वाटतं, अशी अक्काची कुरकुर सुरू झाली. पण गल्लीत कोणाला कळता कामा नये, अशी मला तंबी. दात हलतात म्हटल्यावर चाखायला कोण बोलावणार, याची तिला धास्ती होती.

आणि औषध चालू असतानाच शेजारच्या वहिनींकडे घाटा शिजला. अक्काने चाखलं.

"कमी शे. आखो एक मूठ टाक."

वहिनींना मीठ पुरेसं वाटत होतं, पण अक्काचा शब्द. टाकली मूठ.

त्या बिबड्या इतक्या खारट झाल्या की एक खाऊन तांब्याभर पाणी लागे. वहिनींनी मात्र चकार शब्द काढला नाही. वरणात मीठच घालायचं नाही आणि बिबडी तोंडी लावायची, असं त्यांच्या घरी चाललं होतं. इतका जीव लावणारी शेजारीण मला पुन्हा भेटली नाही.

औषध संपलं, हिरड्या बसल्या, चव परतली. एकदा वहिनींकडे गप्पा मारताना अक्काने सहज एक बिबडी मोडून तोंडात टाकली. घरी आली ती त्या दिवशी जेवायला उठलीच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ती कोणाच्याच चुलीकडे फिरकेना. बोलावणं आलं की कंबर दुखते म्हणायची. कंबरेला काही झालं नव्हतं. ती ओट्यावर एकटीच बसून राहायची.

मग एका सकाळी वहिनीच वाटीत वाफाळता घाटा घेऊन आल्या. मीठ बरोबर आहे का, एवढंच विचारलं. अक्का नको नको म्हणाली, मग बोट बुडवून चाटलं. तिच्या कपाळाला आठी पडली.

"मीठच नही टाकं तू."

"मंग ऊठ," वहिनी म्हणाल्या. "टाकाले तूच चाल."

अक्का चपला न घालताच निघाली.