सात तळ्यांची रजा

समोरचा माणूस बोलायला लागला, की चाचा आधी त्याच्या पायांकडं बघायचे. तोंडाकडं मागाहून.

"तोंडाचं काय, भाऊसाब, ते काहीबी म्हणतंय. पायाला इचारावं."

भाऊसाहेब म्हणजे मी, धाराशिवच्या पाटबंधारे कार्यालयातला आस्थापनेचा कारकून. चाचा आमच्याकडं तलावांची पाणीपातळी मोजायचे. तुमच्याही कचेरीत असा एखादा माणूस असेल, ज्याला पद काहीच नसतं आणि मान साहेबापेक्षा जास्त असतो. त्याच्या शेजारच्या टेबलावर बसून बघा. फार जड जातं.

चाचांना काश्मीरचं वेड लागेपर्यंत कार्यालयातला प्रवासी मी होतो. महाबळेश्वर दोनदा, उटी एकदा. उटीच्या एका थंडीवर मी सात वर्षं लोकांचा चहा प्यालो. आणि एका दुपारी चाचांनी जेवणाचा डबा बाजूला सारून टेबलावर नकाशा पसरला. काश्मीरच्या डोंगरांत उंचावर सात तळी आहेत. सहा दिवस चालायचं, तेरा हजार फुटांच्या खिंडी ओलांडायच्या, तंबूत झोपायचं.

"तीस वर्सं माणसानं बांधलेली तळी मोजली," चाचा म्हणाले आणि बोट वर केलं. "आता एकदा त्याची बांधणी बघू द्या."

सगळं कार्यालय नकाशावर वाकलं. शिपाई तर चहा घेऊन माझ्या टेबलावरून सरळ पुढं गेला. उटीचं नाव त्या दिवसापासून कुणी काढलं नाही.

तयारीही काय ती! पाठीवरच्या पिशवीत बारा किलो ज्वारी भरून चाचा रोज सकाळी तेर गावाकडच्या एका तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या उंच बांधावर, चढायचे-उतरायचे. वीस खेपा. शेतकरी थांबून बघायचे.

"चाचा, गिरणी तिकडं हाय!"

"दळायची न्हाय रं, फिरवायला आणलीया. घरात बसून कंटाळली."

चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. भर कार्यालयात जाहीर केलं, "मीपण येणार." मला वाटलं, चाचांचा चेहरा पडेल. तो असा फुलला की माझाच पडला.

"व्हय? मग तर लईच झकास! दोघं जाऊ."

ज्याचा आपण हेवा करतो त्यानं निदान थोडा तरी परत करावा की नाही? घरी बायको म्हणाली, "जिन्यात दोनदा टेकता. तिथं डोंगराला कठडा आहे का, विचारलंत?"

सहल नेणाऱ्या पुण्याच्या मंडळींची एक अट होती. पाच किलोमीटर पळायचं आणि मोबाइलमधली नोंद त्यांना पाठवायची. चाचा चाळीस मिनिटांत पळाले. मी मोबाइल लेकीच्या स्कूटीच्या डिकीत ठेवला आणि पहाटे तुळजापूर रस्त्यानं निघालो. हळूच चालवायची असं ठरवलं होतं, पण थंड वारा लागला, मन रमलं आणि पाच किलोमीटर नऊ मिनिटांत झाले. नोंद तशीच पाठवली. तिकडून निरोप आला, "सर, आपण पळालात की मागं कुणी लागलं होतं?"

चाचांनी तो वाचला आणि माझ्या चपलांकडं पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून मलाही पाळीवर न्यायला लागले. तीन आठवड्यांनी मी खराखुरा पळालो, पन्नास मिनिटांत. पुण्याहून "चालेल" म्हणून कळवलं.

खरी अडचण रजेची निघाली. ती तळी बघायचा काळ म्हणजे आमचा पावसाळा. चाचा पातळी मोजणार आणि मी ती वर कळवणार, असं काम. साहेब म्हणाले, "दोघांतला एकच जाईल. भाऊसाहेब, टिपणी ठेवा."

आता सरकारी कार्यालय ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे, साहेब सही करतात, पण निर्णय टिपणी लिहिणारा करतो. चाचांच्या रजेवर टिपणी लिहायची होती मी. आणि माझ्या रजेवरही मीच.

हेही सांगतो, म्हणजे माझं माप तुम्हाला नीट घेता येईल. ती मंडळी अठ्ठावन्नच्या पुढच्यांना नेत नव्हती. चाचांना येत्या हिवाळ्यात अठ्ठावन्न पुरी होणार होती. त्यांचं हे शेवटचं वर्ष होतं. मला अजून बारा वर्षं होती. हे माहीत असून मी लिहिलं: "सदर कर्मचाऱ्यास वारंवार गुडघेदुखीचा त्रास आहे. शिवाय मोजणीस पर्याय नाही. रजा नामंजूर करण्यास हरकत नसावी." अक्षर सुरेख आलं होतं.

माझी रजा मंजूर झाली. चाचांनी आपला नकार ऐकला. थोडा वेळ नकाशाच्या घड्या घालत बसले. घडी चुकली, परत उलगडली, परत घातली. मग ती पाठीवरची पिशवी आणि एक वही माझ्या टेबलावर आणून ठेवली.

"तुम्ही बघून या. आल्यावर मला सांगा म्हंजे झालं. पर नीट सांगा, उटीवानी नको."

वही मी घरी उघडली. एकेका पानावर एकेक दिवस. किती चढ, पाणी कुठं भरायचं, कुठं बसायचं. आमचं दोघांचं जायचं ठरलं तेव्हाच त्यांनी ती लिहिली होती. तिसऱ्या दिवसाच्या पानावर, सगळ्यात उंच खिंडीच्या खाली, एक ओळ होती: "इथं भाऊसाबांना धाप लागेल. त्यांची पिशवी आपण घ्यायची. लोकांसमोर मागायची न्हाय, मागं राहून घ्यायची."

मला राग आला. खरंच सांगतो, आधी रागच आला. हेवा करायलासुद्धा हा माणूस धड जागा ठेवत नव्हता.

सकाळी साहेबांपुढं दुसरी टिपणी ठेवली. गुडघेदुखीचा शेरा निराधार आहे, मोजणी मी स्वतः करीन, चाचांची रजा मंजूर व्हावी आणि माझी रद्द. साहेबांनी चष्मा वर केला.

"आधीची टिपणी कुणी लिहिली होती?"

"मीच, साहेब."

"आणि ही?"

"हीपण मीच."

"यातला खरा भाऊसाहेब कुठला?"

"साहेब, दुसरा. पण पहिलाही हजर आहे."

साहेबांनी सही केली आणि चाचांना बोलावून दोन्ही कागद त्यांच्या हातात दिले. तो वीस ओळींचा वेळ मी पंख्याकडं बघत काढला. चाचांनी पहिला कागद दोनदा वाचला.

"गुडघा दुखत व्हता मागं एकदा," ते म्हणाले. "अगदीच काय खोटं न्हाय लिहिलं." दाराशी जाऊन वळले. आवाज जरा बदलला होता. "पर मला एकदा सांगायचं व्हतं तुम्ही, भाऊसाब. म्या माझ्या हातानं रजा मागं घेतली असती."



ते निघाले त्या दिवशी मी स्टँडवर गेलो होतो. पुण्याची गाडी लागली. चाचा खिडकीशी बसले. शेजारी मांडीवर शेंगांची पिशवी घेतलेले तेरखेड्याचे एक गृहस्थ, मुलाकडं निघालेले. मी खिडकीखाली उभा राहून काय बोलायचं ते जुळवत होतो. "सांभाळून जा", "माफ करा", असलं काहीतरी. तेवढ्यात चाचांनी त्या गृहस्थांच्या शेंगांवरच नकाशा पसरला. ते वाकले. चाचांचं बोट एका तळ्यावरून दुसऱ्यावर चाललं होतं. मी काचेवर टकटक केली. त्यांनी मान न वळवता हात वर केला आणि गाडी हलली.

गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी तिथंच उभा होतो, आणि मला त्या शेंगावाल्याचाही हेवा वाटत होता.