वनमालाच्या अंगणातले डहाळे

तलवाड्यात बाग म्हटलं की लोकांना दोनच माहीत. एक मोसंबीची, दुसरी डाळिंबाची. ज्या झाडाचं काही गाडीत भरून बाजारात नेता येत नाही, त्याला इथं कुणी बाग म्हणत नाही. त्यामुळे वनमालाने घरकुलाच्या दोन खोल्यांपुढे जे उभं केलं, त्याला गावाने शेवटपर्यंत धड नाव दिलं नाही. कुणी म्हणायचं 'वनमालाचं येडेपण', कुणी म्हणायचं 'बजरंगच्या बायकोचं जंगल'. मी तिची शेजारीण. गावच्या शाळेत शिकवते, आणि ती त्याच शाळेत पोरांची खिचडी शिजवते. ते येडेपण मी कुंपणाच्या अलीकडून पहिल्या कुदळीपासून पाहिलं, आणि पुढे त्याचं काय केलं गेलं तेही पाहिलं. गोड करून सांगणं मला जमणार नाही.

शाळेत लागण्याआधी वनमाला आणि तिचा नवरा बजरंग कोयता घेऊन साखर कारखान्यावर ऊसतोडीला जायचे. तिथे कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यापुढे हिरवळ होती, कडेने फुलं, मधून वळणाची वाट. वनमाला जाता-येता तारेपाशी थबकायची. एकदा तिची लेक दिपाली, नुकती चालायला लागलेली, फाटकातून आत शिरली आणि गवतावर फतकल मारून बसली. वॉचमन धावत आला आणि पोरीच्या शेजारी काठी अशी आपटली की पोर दिवसभर पदर सोडेना.

"त्या दिशीच ठरवलं, बाई," वनमाला मला एकदा म्हणाली. "हिला असं आंगन करून देईन, की ऊठ म्हनायची कुनाच्या बापाची हिंमत व्हनार न्हाई. आन् हिचं लगीन बी तिथंच लावीन. कापडाखाली न्हाई, झाडाखाली."

लोक लेकीसाठी सोनं साठवतात. ही सावली साठवायला निघाली. आणि कुठे, तर मुरमाड जागेत, जिथे पहार मारली तर ठिणगी उडायची.

पैसा तर नव्हताच. पण वनमालाची नजर फार वाईट. गाव जे टाकायचं ते ती उचलायची. तलाव आटला की लोक ट्रॅक्टरने गाळ काढून शेतात नेत. वळणावर ट्रॅक्टर हेलकावा खाई आणि थोडा गाळ रस्त्यावर सांडे. वनमाला झाडू आणि घमेलं घेऊन त्या वळणावर हजर. रस्ता झाडून झाडून तिने अंगणाला काळी माती आणली. वीटभट्टीवरच्या जास्त भाजून वाकड्या झालेल्या विटा भट्टीवाला असाच देई; त्यांची वाट झाली, आणि तीही वळणाची. देवळाच्या कामातल्या शहाबादीच्या तुकड्यांनी वाफ्यांना कडा लागल्या. शाळेची बुडाला भोक पडलेली पातेली भंगारात जायची, तिने मागून घेतली आणि त्यात मोगरा लावला. दवाखान्यातल्या रिकाम्या सलाईनच्या बाटल्या आणून प्रत्येक रोपापाशी उलट्या टांगल्या. साखराबाई नावाची समोरची म्हातारी ते बघून म्हणाली, "अगं, माणसाला सलाईन मिळंना आन् तू लिंबाला लावतीस?"

"लिंब बिल मागत न्हाई, मामी," वनमाला म्हणाली.

पाण्याचं विचारूच नका. आमच्या गावात नळाला पाणी येणं हा सणच असतो. तिने अंगणाला असा उतार काढला की न्हाणीतलं पाणी आधी जांभळाच्या आळ्यात जाई, तिथून वाहून उंबराला, तिथून आंब्याला. शाळेतलं तांदळाचं धुवण ती घागरीत भरून घरी नेई. आमचे गुरुजी लोक हसायचे. एका गुरुजींनी तर 'शासकीय धुवण' म्हणून तक्रार करायची धमकी दिली. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं सगळीकडे सारखीच.

झाडं तरी कुठून आणली असतील? आंबा खाऊन फेकलेल्या कोयीतून. जांभूळ बीतून. उंबर शाळेच्या भिंतीच्या फटीत उगवला होता, मुख्याध्यापक तो उपटायला निघाले तेव्हा हिने मुळासकट काढून आणला. सौंदड, म्हणजे शमी, बांधावरून, आणि कडुलिंब आपोआप. ही पाच झाडं तिने गोलात लावली आणि मधली जागा मोकळी सोडली. तिथे एक रोपसुद्धा लावू दिलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "ही मांडवाची जागा." दिपाली तेव्हा पाचवीत होती. बाहुलीच्या लग्नाचं वय, आणि आई तिच्या मांडवाची जागा शेणाने सारवत होती.

झाडं वाढली. वाढवली म्हणा. दुष्काळाच्या वर्षी ती स्वतः अंघोळीची बादली अर्धी करी. पुढे पुढे भर दुपारी त्या गोलात पाय ठेवला की डोळ्यांना बरं वाटे. दिपाली तिथेच अभ्यास करून बारावी झाली, तिथेच बसून नर्सिंगचं शिकली. मी शाळेतून आले की माझ्या घरात जायच्या आधी तिथे टेकायची. हे सुख मला फुकट मिळालं.

दिपालीचं लग्न धारूरकडच्या मुलाशी ठरलं, वैशाखात. यंदाचा वैशाख तुम्हाला आठवत असेल. शिवारात हिरवं म्हणून काही उरलं नव्हतं. बजरंग आधी म्हणत होता, झाडाखाली लग्न लावायचं म्हणजे आपण काय भिकारी आहोत? पण वनमाला त्या एका गोष्टीवर हटली नाही, आणि मुलाकडच्यांनाही ती कल्पना आवडली. नवऱ्या मुलाने तर झाडांचे फोटो काढून नेले. ठरलं: चार मेढी रोवायच्या, शास्त्रापुरता मांडव, बाकी पाहुणे झाडाखाली.

आता मांडवडहाळ्यांचं सांगितलं पाहिजे. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी भावकीतले पुरुष झाडांच्या फांद्या तोडून आणतात, मारुतीला नारळ फोडतात, वाजतगाजत गावातून फिरवतात आणि त्या हिरव्या डहाळ्या मांडवावर पसरतात. घरच्या बाया त्यांना ओवाळतात. पूर्वी बैलगाडी असे, आता ट्रॅक्टर. शास्त्राला पाच झाडांच्या पाच डहाळ्या पुरतात. पण शास्त्राचं ऐकतो कोण? ज्याचा ट्रॅक्टर भरून सांडतो, त्याची इभ्रत मोठी.

बजरंगचे थोरले भाऊ धोंडीराम यांच्या मुलाच्या लग्नात डहाळ्यांचा ट्रॅक्टर असा भरला होता की वर विजेच्या तारेला लागला. त्याची गोष्ट अजून सांगतात. धोंडीराम गावातलं वजनदार माणूस. कोयता घेऊन पोट भरणारा धाकटा भाऊ त्यांना पंगतीत शेजारी नको असायचा. पण यंदा लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी ते स्वतः ट्रॅक्टर घेऊन दारात आले. म्हणाले, "बजरंग, तुझ्या लेकीचे डहाळे मी आणनार." बजरंगचा चेहरा मी पाहिला. उभ्या जन्मात त्याला कुणी असं बोललं नव्हतं.

वनमाला त्या वेळी घरी नव्हती. दिपालीचे ब्लाउज आणायला मायलेकी गेवराईला गेल्या होत्या.

ट्रॅक्टर शिवारात फिरून दुपारी परत आला. ट्रॉलीत होत्या दोन-चार वाळक्या फांद्या. रस्त्याकडेच्या झाडांना हात लावला तर वनखात्याचा माणूस येतो, आणि ज्याच्या बांधावर झाड होतं त्याने यंदा पान तोडू दिलं नाही. धोंडीराम अंगणात घाम पुसत उभे राहिले. मग त्यांची मान वर गेली.

"बजरंग, मर्दा, तुझ्या दारातच पाचीच्या पाची झाडं हायेत की! आन् आमी कावून उन्हात हिंडलो?"

बजरंग चाचरला. "तिनं लग्नासाठीच ठिवलीत, दादा."

"मंग? लग्नालाच तर चाललीत!"

सगळे हसले. बजरंगही हसला. मी कुंपणाजवळ गेले आणि म्हणाले, "धोंडीरामभाऊ, एकेक डहाळी घ्या. बाकीची सावली उद्याच्या पाहुण्यांसाठी आहे. ती येऊ द्या, तिला विचारा."

"बाई, तुमी शाळंत शिकवा. हे भावकीचं काम हाय. शुभकार्याला बाईमानसाला काय इचारायचं? अर्धा ट्रॅक्टर घेऊन गावातनं फिरू का? लोक काय म्हनतील, बजरंगच्या लेकीला डहाळे बी मिळंनात?"

हे वाक्य बजरंगला लागलं. त्याने घरातून कुऱ्हाड आणली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, स्वतः आंब्यावर चढला. मला वाटतं, त्याला त्या क्षणी खरंच वाटत होतं की तो लेकीसाठी काहीतरी मोठं करतोय. म्हणूनच माझा राग जास्त आहे. वाईट माणसाने केलं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते.

त्यांनी फांद्या तोडल्या नाहीत, झाडं बोडकी केली. आंब्याला कैऱ्या होत्या, त्या गोळा करायला पोरं धावली. उंबर अर्ध्यावर आणला. ट्रॅक्टर भरला, सांडला, आणि बँड लावून मारुतीकडे गेला. अंगणात ऊन उतरलं. मांडवाच्या त्या सारवलेल्या जागेत इतकं ऊन मी पहिल्यांदाच पाहिलं.

वनमाला आणि दिपाली बसमधून उतरल्या तेव्हा वाजंत्री ऐकू येत होती. वनमाला फाटकाशी आली आणि उभी राहिली. एका हातात ब्लाउजची पिशवी. मी जवळ गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "कुनी?"

मी सांगितलं.

तेवढ्यात ट्रॅक्टर दारात आला. जावा-नणंदा घागर आणि आरतीचं ताट घेऊन पुढे झाल्या आणि ताट तिच्या हातात दिलं. नवरीच्या आईचा तो मान. डहाळ्यांना कुंकू लावायचं, ओवाळायचं, आणणाऱ्यांना टॉवेल-टोपी द्यायची. त्या दिवशी डोळ्यांत पाणी आणायचं नाही, अपशकुन होतो. वनमालाने पदर डोक्यावर घेतला आणि स्वतःच्या आंब्याला कुंकू लावलं. मग धोंडीरामांना ओवाळलं. मग नवऱ्याला. बजरंग ट्रॉलीवरून अभिमानाने म्हणाला, "बघ, कुनाच्या दारात जायची गरज पडली न्हाई."

संध्याकाळी गेवराईहून कापडी मंडप मागवावा लागला, कारण पाहुण्यांना बसवणार कुठे? लाल-पिवळं कापड लागलं, आणि त्यावर डहाळे टाकले. लग्नाच्या वेळेपर्यंत ते वाळून चुरमडले होते. कापडाखाली माणसं भाजून निघाली. मुलाकडची एक बाई पंख्याने वारा घेत म्हणाली, "झाडं झाडं म्हनून लई ऐकलं होतं. कुठं हायेत?"

पाठवणीच्या वेळी मात्र वनमालाचा बांध फुटला. दिपालीने गळ्यात हात टाकले तशी ती जी ओरडून रडली, की बँडवाले थांबले. बाया पाठीवरून हात फिरवायला लागल्या. साखराबाई म्हणाली, "लेक हाय, रडू दे. परक्याचं धन, जानारच."

वनमालाने तिचा हात झटकला. आणि साऱ्या वऱ्हाडासमोर म्हणाली, "लेकीला न्हाई रडत मी! लेक चांगल्या घरी चाललीय. माझी झाडं मारली, त्यांना रडते मी. ऐका सगळ्यांनी!"

धोंडीराम दुसरीकडे बघायला लागले. दिपालीचे हात आईच्या गळ्यातून हळूहळू सुटले आणि ती गाडीत जाऊन बसली. गाडी निघेपर्यंत तिने काच खाली केली नाही.

गावाने मग महिनाभर तेच चघळलं. पण धोंडीरामांना कुणी बोललं नाही, बजरंगलाही नाही. दोष आला तो वनमालाच्या माथी. कसली आई ही, लेकीच्या पाठवणीला झाडांना रडते.

पंचमीला दिपाली माहेरी आली. तोंड उतरलेलं. मीच भाकरीला बोलावलं दोघींना, पण दोघीही धड बोलेनात. सासरी काही वाकडं नव्हतं, नवरा चांगला होता. फक्त सासूने बोलता बोलता दोनदा म्हटलं होतं, 'आईची एवढी ओढ कशाला? ती तर तुला रडलीच न्हाई.' पावसाने आंब्याच्या खोडाला कुठे कुठे तांबूस पालवी फुटली होती. वनमाला तिकडे बघतही नव्हती. सलाईनच्या बाटल्या तिने काढून भंगारात दिल्या होत्या.

निघायच्या दिवशी दिपाली ओट्यावर बसून चप्पल घालत होती. मान वर न करता तिने विचारलं, "आई, खरंच माझ्यासाठी न्हाई रडलीस का गं तू?"

मला वाटलं, आता तरी ही खोटं बोलेल. एवढंसं खोटं कुठल्याही आईला जमतं. पण वनमाला तशी बाई नाही.

"न्हाई," ती म्हणाली. "त्या दिशी सगळं पानी झाडांनाच गेलं. तुझ्यासाठी रडायचं राहूनच गेलं, बाळा."

दिपालीने चपलेचा बंद लावला, पिशवी उचलली आणि बस पकडायला निघाली.