पस्तीसला पास होणारा पाऊस

मी शाळेत गणित शिकवते. टक्केवारी शिकवण्यात तर माझा हातखंडा आहे, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. तो समज आमच्या गल्लीतल्या बायकांनी एका उन्हाळ्यात पार धुऊन काढला.

आमचं गाव लोहाऱ्याहून मुरुमकडे जाताना आत वळल्यावर लागतं. एप्रिल-मे महिन्यांत इथल्या प्रत्येक गच्चीवर शेवया, पापड, कुरडया असं काही ना काही वाळत असतं, आणि नेमका त्याच दिवसांत अवकाळी पाऊस न सांगता येऊन जातो. त्या वर्षी समोरच्या काकूंच्या सगळ्या शेवया भिजून लगदा झाल्या. काकू कमरेवर हात ठेवून मला म्हणाल्या, "बाई, तुमच्या फोनात पाऊस दिसतो म्हणं. मंग सांगत का न्हाय वो? एकट्याच बगत बसताव व्हय?"

तेव्हापासून ते काम माझ्या गळ्यात पडलं. रोज सकाळी काकू रस्त्यापलीकडून विचारायच्या, आणि मी फोनमध्ये बघून पुढच्या दोन-तीन तासांत पाऊस पडण्याची शक्यता किती ते सांगायचे. पहिल्या दिवशी म्हणाले, "वीस टक्के." काकूंनी जरा विचार केला. "वीस? म्हंजी नापास झाला की!" आणि निर्धास्तपणे पापड घालायला गच्चीवर गेल्या. पुढं एकदा चाळीस आले, तर म्हणाल्या, "काठावर पास. आज येतोय त्यो." त्या दिवशी गल्लीत कुणी काही वाळत घातलं नाही.

यात त्यांना हसायचं तरी कसं? आमच्याकडे टक्के हा शब्द घरात येतो तो दहावीच्या निकालाबरोबर, आणि पस्तीसच्या अलीकडे नापास, पलीकडे पास, हे मीच वर्षानुवर्षं सगळ्यांच्या डोक्यात भरलेलं. बरं, पाऊसही असा आगाऊ, की दोन आठवडे तो काकूंच्या नियमानंच वागला. वीसला आला नाही, साठला आला. चाळीसलाही चार थेंब टाकून गेला. काकूंचा भाव गल्लीत वधारला आणि माझं काम नुसतं मार्क वाचून दाखवण्याचं उरलं.

मला राहवेना. एक दिवस मी त्यांना समजावायला बसले. म्हटलं, "काकू, चाळीस टक्के म्हणजे असे दहा दिवस आले, तर त्यातले चार दिवस पाऊस पडतो आणि सहा दिवस नाही."

"मंग आजचा दिस चारातला का सहातला?"

"ते सांगता येत नाही."

काकूंनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. "आन् हेच शाळेत शिकवताव?"

माझ्या सासूबाई ओट्यावर बसून हे ऐकत होत्या. त्यांचा उजवा हात तेव्हा प्लास्टरमध्ये होता. न्हाणीघरात पाय घसरून मनगट मोडलं होतं, आणि हाताच्या दुखण्यापेक्षा त्यांना कुरडयांचा घोर लागला होता. धाकट्या नणंदेचं लग्न मार्गशीर्षात ठरलेलं. लग्नात मांडवात जे रुखवत मांडतात, त्यात अकरा मोठ्या गुलाबी कुरडया घरच्याच असायला हव्यात, हा त्यांचा हट्ट. "बाजारच्या ठिवल्या तर लोक तोंडावर हसत न्हाईत, घरी जाऊन हसत्यात," असं त्या म्हणायच्या. गल्लीत आजवर कुणाच्याही कुरडया असोत, चीक हलवायला सासूबाईच लागत. त्या वर्षी पहिल्यांदा ते काम माझ्याकडे आलं, आणि खडू धरणाऱ्या हातांना ते जमेल का, यावर गल्लीत बरीच चर्चा झाली. मला रागही आला आणि धास्तीही वाटली.

कुरडया आमच्याकडे सावडीनं होतात. आज एकीच्या घरच्या, उद्या दुसरीच्या, आणि प्रत्येकीकडे सगळ्या जणी हाताशी. त्यामुळे वार आधी ठरलेले असतात. शिवाय गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा. एकदा गहू भिजत पडले की चौथ्या दिवशी पाऊस येवो नाहीतर पाहुणे, कुरडया घालाव्याच लागतात.

आमच्या वाराला पहाटे फोनमध्ये तीस टक्के होते.

"नापास!" काकूंनी निकाल जाहीर केला. "घाला बिनघोर."

मी म्हटलं, "तीस म्हणजे शून्य नव्हे. प्लास्टिकचा कागद गच्चीवर अंथरण्याऐवजी बाजांवर अंथरू. वेळ आली तर बाजेसकट उचलून जिन्याच्या खोलीत नेता येईल." यावर जी हसाहशी झाली ती विचारू नका. नापास झालेल्या पोराला घाबरणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती. पण हसत का होईना, घराघरांतून सहा बाजा आल्या आणि दोर लावून बाहेरूनच गच्चीवर चढल्या.

चीक चांगला शिजला. एकही गुठळी झाली नाही, आणि ही गोष्ट मी इथे मुद्दाम लिहून ठेवते आहे. सासूबाई खाली चुलीशेजारी बसून "हलव, हलव, थांबू नगंस" एवढंच म्हणत होत्या. जिना चढायची त्यांना डॉक्टरांनी मनाई केली होती. आम्ही पातेली वर नेली, सोऱ्या फिरू लागला, आणि नऊ वाजेपर्यंत पाच बाजांवर पांढऱ्या आणि एका बाजेवर अकरा गुलाबी कुरडया झाल्या. ऊन कडक होतं. काकूंनी मोडकंतोडकं कन्नड गाणंसुद्धा म्हटलं, कारण त्यांचं माहेर पलीकडच्या मुलखात. आम्ही सगळ्या मनापासून खूश होतो.

साडेनऊला मी सवयीनं फोन पाहिला. पुढच्या तासाला पंचावन्न टक्के.

वर ऊन तसंच होतं. फक्त मुरुमच्या बाजूला आभाळाचा एक काळा पट्टा दिसत होता. ओली कुरडई हलवली तर मोडणार, हे मला ठाऊक होतं. पण ओलीवर पाऊस पडला तर सगळ्यांचा लगदा होणार, हेही ठाऊक होतं. हलवलं तर थोडं जाणार होतं, ठेवलं तर कदाचित सगळं. आमच्या घरात सासूबाईंना विचारल्याशिवाय आमटीत मीठसुद्धा पडत नाही. तरी खाली जाऊन विचारायला मी थांबले नाही. तिथूनच ओरडले, "उचला!"

पुढचा अर्धा तास मी कुणालाच विसरू देणार नाही, आणि त्याही मला विसरू देत नाहीत. जिन्याच्या खोलीचं दार बाजेपेक्षा अरुंद निघालं. हे मी मोजलं नव्हतं, मी, गणिताची बाई! प्रत्येक बाज तिरकी करावी लागली, आणि तिरकी केली की कुरडया एका बाजूला घरंगळू लागल्या. एक जण खालून पदर धरून त्या झेलायची, एक जण हसून हसून बाज सोडायच्या बेतात, काकू मधोमध दारात अडकून "माझ्यावर पडायल्यात गं" म्हणून ओरडत होत्या. शेवटी सहाही बाजा आत एकमेकींवर चढल्या. आम्ही घामानं निथळत आभाळाकडे बघत उभ्या राहिलो.

वारा सुटला. गच्चीवर सावली आली. ढग अगदी डोक्यावर आला, जरासा रेंगाळला, आणि सरळ पुढे निघून गेला. एक थेंब पडला नाही. पुन्हा पहिल्यासारखं ऊन पडलं.

मग काकूंनी तोंडाला पदर लावला आणि सगळ्यांना हसू फुटलं. मी आत जाऊन गुलाबी कुरडया मोजल्या. आठ धड होत्या, तीन मोडल्या होत्या. पांढऱ्यांचं मला काही वाटलं नाही, पण त्या तीन रुखवताच्या होत्या.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. प्लास्टरचा हात पोटाशी धरून, भिंतीला टेकत सासूबाई वर आल्या होत्या. त्यांनी ऊन पाहिलं, बाजांचा ढीग पाहिला, मग त्या तीन मोडक्या कुरडया पाहिल्या. हसणं थांबलं. मी मान खाली घातली. न विचारता केलं याचं आता काय ऐकावं लागेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"फोनात किती होतं?" त्यांनी विचारलं.

"पंचावन्न, आत्याबाई."

"आन् आता?"

"दहा."

काकू म्हणाल्या, "बगा की. पास होऊनबी आला न्हाय. बाईंनी उगंच नुकसान केलं."

सासूबाई काकूंकडे वळल्या. "यष्टी यील म्हणून आपण फाट्यावर जाताव का न्हाय? कधी येती, कधी न्हाय. न्हाय आली म्हणून घरातनं निगालो ते चुकलं व्हय? परवा ही तुमाला तेच सांगायली होती. आजचा दिस न येणाऱ्यातला निगाला, झालं. उचललं ते बराबरच केलं."

मी थक्क होऊन त्यांच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं मी फळ्यावर नाणी उडवली, फासे टाकले. पाऊस न पडताही अंदाज बरोबर असू शकतो, आणि नुकसान होऊनही निर्णय बरोबर असू शकतो, हे वर्गात एकाही पोराच्या गळी उतरवू शकले नव्हते. ओट्यावर गप्प बसून ते या बाईनं ऐकलं होतं आणि स्वतःच्या लेकीच्या रुखवताचं नुकसान समोर असताना मान्य केलं होतं. मला फार बरं वाटलं. खरं सांगायचं तर रडू आलं, पण बायका होत्या म्हणून मी घाम पुसल्यासारखं केलं.

"पण अकराच्या आठच राहिल्या," मी म्हटलं.

"आठ मांडू. कोण मोजतंय?" आयुष्यभर सगळं मोजून ठेवलेल्या सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी बाजा पुन्हा उन्हात काढायला लावल्या, या खेपेला आधी एकेक कागद दोघींनी अलगद उचलून आणि मग रिकामी बाज. मोडके तुकडे एका ताटात गोळा केले. आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवता ठेवता माझ्याकडे न बघताच त्या बोलल्या.

"दुपारून परत पंचावन्न झालं तर परत उचल. मला इचारत बसू नगंस."