वास येत होता म्हणून

"दोघींच्याही टेस्ट पॉझिटिव्ह आहेत," बोईसरच्या दवाखान्यात डॉक्टर मला आणि आईला म्हणाले. मी चक्क वाद घातला. म्हटलं, "असं कसं? मला वास चांगला येतो."

माझं सासर सातपाटीचं, मच्छीमारांचं. दुसऱ्या लाटेत मला कोरोना झाला तेव्हा सुक्या जवळ्याच्या टोपलीत तोंड घातलं तरी काही कळेना. तेव्हापासून आम्ही बायांनी घरची तपासणीच ठरवून टाकली. जवळा हुंगायचा, वास आला की खुशाल कामाला लागायचं.

तिसऱ्या लाटेत माझा घसा दुखायला लागला, थोडा खोकलाही होता. मी जवळा हुंगला, झकास वास आला, आणि मी बोईसरजवळच्या नवापूरला आईकडे राहायला गेले. आई दम्याची. त्यात माझी घमेंड, की मला एकदा होऊन गेलाय, आता काय होतंय.

चौथ्या दिवशी आईला ताप आला. मग धाप लागली, आणि आम्ही बोईसर गाठलं.

डॉक्टर माझ्यावर चिडले नाहीत. व्हेरियंट म्हणजे त्याच विषाणूचं बदललेलं रूप, हे त्यांनी समजावलं. "मागच्या वेळी डेल्टा होता. हा ओमिक्रॉन त्याच्यापेक्षा झपाट्याने पसरतो, आधी होऊन गेलेल्यांनाही गाठतो. म्हणून देशभर त्याने डेल्टाला मागे सारलं. यात बहुतेकांचा वास जात नाही. तुमची तपासणी जुन्या विषाणूची होती." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईचं ऑक्सिजन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण, घसरलं होतं. पाच दिवस तिच्या नाकाला नळी. मी शेजारच्याच खाटेवर. नर्सबाई तिच्या बोटाला चिमटा लावायच्या तेव्हा आकडा बघायची माझी छाती नव्हती, मी त्यांच्या डोळ्यांकडे बघायचे. सहाव्या दिवशी ते डोळे हसले आणि मी ढसाढसा रडले.

त्या डॉक्टरांचे आणि नर्सबाईंचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. तुमचा घसा खवखवला तर माझ्यासारखा शहाणपणा करू नका. टेस्ट करा, आणि तोवर म्हाताऱ्या माणसांपासून लांब राहा.

घरी आल्यावर मी आईला सांगून टाकलं, की आजार मीच आणला.

"मला म्हायत हाय," ती म्हणाली. "पयल्या दिशीच तुझा खोकला आयकला मी."

"मग मला परत का नाय पाठवलंस?"

"दोन वर्सांनी रायला आली होतीस. जा कशी म्हनू?"