हाळ्याशी भांडण

आधीच सांगून टाकतो. भूत, करणी, बाधा असलं मी काही मानत नाही. केडगावात माझा अकरावी-बारावीचा क्लास आहे, फिजिक्स शिकवतो. या सदरातले अनुभव मी आजवर हसायला वाचले... पिंपळ, पांढरी साडी, उलटे पाय. आजही मानत नाही. मी फक्त चिडलोय, आणि ते कुठंतरी ओकल्याशिवाय मला झोप लागणार नाही. लिहायचा मला मनस्वी कंटाळा. मी बोलणारा माणूस आहे. तरी लिहितोय, त्याचं कारण शेवटी सांगतो.

आम्ही चौघं दर रविवारी दुपारी क्लासच्या खोलीत एक गेम खेळतो. मी, बाळू, मेडिकलवाला राजू आणि त्याची बायको. टेबलावरचा रोल-प्लेइंग गेम. माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो — एक जण गेम मास्टर असतो, तो एक काल्पनिक जग उभं करतो. बाकीचे त्या जगातली पात्रं होतात, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. 'मी दार फोडतो' म्हणायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा, मग ठरतं दार फुटलं का खांदा निखळला. गेम मास्टर मी. लोक विचारतात, एवढे घोडे झालात, हे काय खेळत बसता? पत्ते कुटत बसलो असतो तर कोणी विचारलं नसतं.

विकतच्या पुस्तकांतली जगं मला कधी पटली नाहीत. जिकडे तिकडे बर्फ, किल्ले, ड्रॅगन आणि टोकदार कानांची माणसं. नगरच्या माणसाला बर्फाचं काय सांगता? आम्ही बर्फ रसवंतीत बघतो. म्हणून मी माझं जग बनवलं, तांबडमाळ. तिथं पाऊस पडत नाही, नद्या जमिनीखालून वाहतात, आणि प्रत्येक विहिरीच्या तळाशी एक हाळ्या राहतो. हाळ्याला स्वतःचा आवाज नसतो, म्हणून तो दुसऱ्यांचे घेतो. त्याला तलवार लागत नाही, मंत्र लागत नाही, सौदाच करावा लागतो. विहिरीच्या काठावर तळहात टेकायचा, काय देतो नि काय घेतो ते मोठ्यानं म्हणायचं, आणि आत खडा टाकायचा. खडा वाजला तर सौदा नामंजूर. वाजला नाही तर मंजूर. मग विहीर भरते आणि आवाज जातो.

हे मी बनवलंय. मी! नंतर मला शहाण्या लोकांनी ऐकवलं की लहानपणी आजीकडून ऐकलं असशील, डोक्यात राहिलं असेल. माझी आजी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढली. तिला नळ माहीत होता, विहीर नाही.

आता बाळू. बाळू कांदा मार्केटला अडत्याकडे लिलाव पुकारतो. माईक नको, काही नको, तो भाव पुकारायला लागला की पलीकडच्या शेडमधला माणूस वळून बघतो. त्या आवाजावर त्याचं घर चालतं. आणि रविवारी हाच माणूस आमच्या टेबलाचा वकील असतो. नियमात पळवाट शोधल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही. हाळ्याशी पहिलाच सौदा करताना यानं गाढवाचा आवाज दिला आणि पाणी स्वतः ढोसलं. मी हरकत घेतली तर म्हणे, माझाच आवाज पाहिजे असं कुठं ठरलंय? मी तिथल्या तिथं नियम वाढवला — जो पितो तो देतो. आणि टेबलाचा एक नियम आधीपासून होताच — बोललं ते केलं. तोंडातून निघालं की झालं, मग 'गंमत केली' चालत नाही. बाळूसारखा माणूस टेबलाला असेल तर हा नियम ठेवावाच लागतो.

यंदा उन्हाळ्यात बाळूच्या थोरल्या भावानं, नानानं, आम्हाला गावच्या यात्रेचं मटण खायला बोलावलं. दौंड रोडनं जाऊन आत वळलं की त्यांची वस्ती. गावाचं नाव देत नाही, उगाच लोक बघायला जातील. नानाची संत्र्याची बाग आहे. झाडावर लिंबाएवढी फळं, आणि विहिरीनं तळ गाठलेला. प्यायला टँकरचं पाणी. जेवण झाल्यावर आम्ही पाय मोकळे करायला विहिरीवर गेलो. तळाला पांढरा खडक उघडा पडलेला, पाणी नावाला नाही. बाळूला काय हुक्की आली कोणास ठाऊक. काठावर तळहात टेकला आणि गेममध्ये काढतो तसा भसाडा आवाज काढून म्हणाला, "हाळ्या, माझा आवाज घे आणि नानाच्या बागेला पाणी दे." राजू हसायला लागला. मी सवयीनं म्हणालो, टाक खडा.

त्यानं टाकला. खाली कोरडा खडक होता, मी स्वतः बघितला होता. खडा वाजला नाही.

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि मग विषय बदलला. गाळात पडला असेल, असं राजू म्हणाला. गाळ नव्हता.

त्याच आठवड्यात नानाच्या विहिरीला पाणी लागलं. आजूबाजूच्या विहिरी ठणठणीत कोरड्या, आणि याच्या विहिरीत परस-दोन परस, माणूस बुडेल इतकं पाणी. टँकर बंद झाला, प्यायलाही तेच. आणि बाळूचा आवाज गेला. बसला नाही, घोगरा झाला नाही, गेला. तोंड उघडायचं, नुसती हवा. नगरला घशाच्या डॉक्टरनं दुर्बीण घालून बघितलं, म्हणाला सगळं नॉर्मल आहे. पुण्याच्या डॉक्टरनं टेन्शन आहे म्हणून सांगितलं. अरे, टेन्शन आवाज गेल्यावर आलंय! अडत्यानं थोडे दिवस वाट बघितली आणि लिलावाला दुसरा माणूस उभा केला. बाळू मार्केटला जायचा आणि लांब उभा राहून त्या माणसाचं पुकारणं ऐकायचा. मी एकदा ते बघितलं, आणि परत त्या बाजूला गेलो नाही.

त्याची बायको सुनीता माझ्या क्लासवर आली. पोरांदेखत म्हणाली, तुमच्या खेळामुळं झालं, आता तुम्हीच निस्तरा. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय केलं होतं? मी विहिरीला हात लावला नाही, खडा टाकला नाही. पण बाळूनं तिला मोबाईलवर टाईप करून सगळे नियम सांगून ठेवले होते, त्यात हेही होतं की मिळालेलं पाणी नाकारलं तर सौदा मोडतो. बिचारी नानाच्या पाया पडून आली, दोन दिवस मोटर बंद ठेवा म्हणाली. नानानं तिला घशाचं औषध आणायला मेडिकलला पाठवलं. सख्खा भाऊ!

मग मात्र मी गाडी काढली. बाळूला मागं बसवलं आणि भर उन्हात वस्तीवर गेलो. विश्वास होता म्हणून नाही... नानाला चार शब्द सुनवायचे होते म्हणून. नानाच्या बायकोनं, वहिनींनी, रीतीप्रमाणे आधी तांब्या पुढं केला. बाळूनं मानेनंच नको म्हटलं, आवाज गेल्यापासून तो तिथं घरची बाटली घेऊन जायचा. मी उन्हानं तापलेलो, घटाघटा प्यायलो आणि सरळ नानाकडे वळलो. वहिनी मागून हळूच म्हणाल्या, मोटर बंद केली की विहिरीत बाजार भरल्यावानी वाटतं, कोणीतरी पुकारतंय असं. नानानं त्यांना गप्प केलं.

मी नानाला म्हणालो, एक दिवस बंद ठेव, खोटं ठरलं तर मी तुझी माफी मागतो. तो स्टार्टरच्या पेटीपाशी उभा राहून म्हणाला, "सर, तुमी नगरात खेळा काय खेळायचं ते. हितं फळ टिकलंय लई दिवसांनी. मोटर बंद व्हनार न्हाई."

"तुझ्या भावाचं तोंड बंद झालंय, ते चालतं?"

"बाळूला काय, आज ना उद्या ईल आवाज. झाड जळलं तर परत येत न्हाई."

माझं डोकं फिरलं. या माणसाशी बोलून उपयोग नव्हता. मग मी तरातरा विहिरीवर गेलो. बाळू मागं मागं. पाणी चांगलं वर आलेलं, त्यात निळं आकाश दिसत होतं. आणि तिथं मला पहिल्यांदा ते सुचलं, जे बाळूला सुचायला पाहिजे होतं. पळवाट होती! बाळूनं त्या विहिरीचा थेंब घशाखाली घातला नव्हता. पाणी नाना पीत होता. माझ्याच नियमानं हा सौदा बाद होता.

मी काठावर तळहात टेकला आणि अक्षरशः बोंबललो. आयुष्यात मी कोणावर एवढा ओरडलो नाही, कॉपी करणाऱ्या पोरांवरसुद्धा नाही. म्हणालो, "तुला मी बनवलंय. नियम माझे आहेत, आणि तू माझेच नियम मोडतोस? बाळू पाणी प्यायलेला नाही. जो पितो तो देतो. याचा आवाज आत्ताच्या आत्ता सोड आणि जो प्यायला त्याचा घे." आणि खडा भिरकावला. खाली भरलेली विहीर. खडा पाण्यावर पडलेला मी डोळ्यांनी बघितला, पाण्यावर वर्तुळं उठली. आवाज आला नाही.

माझ्या मागून कोणीतरी खाकरलं.

"पशा," बाळू म्हणाला. त्याचाच आवाज, भरदार, लिलावाचा. मी वळलो. त्याचे डोळे भरून आले होते, पण तो हसत नव्हता. वकील जागा झाला होता. "पशा, तू आत्ता वहिनीच्या हातचं पाणी पिलास ना?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं.

तर हे कारण. म्हणून लिहितोय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी म्हणालो 'जो प्यायला', कोण प्यायला ते म्हणालो नाही. माझ्या मनात नाना होता. पण आमच्या टेबलावर मनातलं धरत नाहीत, बोललेलं धरतात. आणि काठावर उभं राहून, ओल्या ओठानं बोलणारा मी एकटाच होतो.

मी त्याच सगळ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. सगळं नॉर्मल आहे. फिजिक्सवाला म्हणून मीही डोकं लावलं — झरा फुटला असेल, बाळूला धक्का बसला असेल, मला त्याचं बघून झालं असेल. एकेक गोष्ट जमते. सगळ्या एकत्र जमत नाहीत. क्लासची पोरं दुसरीकडे गेली. काही दिवस मी नुसतं फळ्यावर लिहून शिकवलं, पण मागच्या बाकांना ओरडता येत नसेल तर क्लास चालत नाही. नाना मध्ये येऊन गेला. संत्र्यांचा क्रेट ठेवला आणि म्हणाला, आवाज बसला व्हय सर, मिठाच्या गुळन्या करा. हा माणूस पहिल्या दिवसापासून तेच पाणी पितोय आणि याच्या नरड्याला काही झालं नाही. माझ्या हातात तेव्हा संत्रं होतं. ते मी त्याला फेकून मारलं, आणि नेम चुकला.

बाळू परत मार्केटला पुकारतो. तो दर आठवड्याला म्हणतो, मी जातो, भांडतो त्याच्याशी, पळवाट काढतो. काढेलही. पण पळवाटेनं माझा सुटला तर आवाज दुसऱ्या कोणाचा तरी जाणार, आणि त्या विहिरीचं पाणी वहिनीही पितात. त्यांनी मला फक्त तांब्या पुढं केला होता. मी मोबाईलवर टाईप करून बाळूला दाखवलं — गेलास तर तंगडं तोडीन. आता रविवारी गेम तोच चालवतो. माझं तांबडमाळ तो सांगतो आणि मी ऐकत बसतो. इतकं भिकार सांगतो, कुठं थांबायचं कळत नाही, आणि मला मध्ये तोंड घालता येत नाही.

कोणाला याचं स्पष्टीकरण सुचलं तर जरूर कळवा. मला सुचलेलं नाही. फक्त गुळण्या आणि घशाला आराम, एवढं सांगू नका.

परवा वहिनींचा बाळूला फोन आला होता. नाना शेतात गेल्यावर, चोरून केलेला. म्हणाल्या, मोटर बंद केली की विहिरीतून बाजार ऐकू यायचा तो थांबला. आता आत कोणीतरी नुसतं ओरडत असतं, मास्तर पोरांवर ओरडतात तसं, नियम, नियम करत. बाळूनं मला घाबरत घाबरत सांगितलं. मला भीती वाटली नाही. बरं वाटलं. निदान तिथं तरी मला ओरडता येतंय.