पांझरेकाठचा माझा उपास

शिबिराला जायचं ठरवलं ते मी नव्हे, आमच्या सौभाग्यवतींनी. मी शाळेत मात्र "चार दिवस प्रार्थना, भजनं आणि नदीकाठची हवा" असं सांगत सुटलो होतो. खरं कारण तिला ठाऊक होतं. माझी धाकटी बहीण एस्तेर तिथं असणार होती, आणि चार वर्षं मी तिच्याशी बोललो नव्हतो. तिनं साक्रीपलीकडच्या दावीद नावाच्या भिल्ल उपदेशकाशी लग्न केलं आणि मी लग्नाला गेलो नाही. आमचे आजोबा पाटलाच्या घरातून ख्रिस्ती झाले, त्याला तीन पिढ्या झाल्या. जात सोडली असं आम्ही दर रविवारी म्हणतो, आणि सोयरीक जुळवताना मात्र आधी "पाहुणे कुठले?" असं हळूच विचारतो. मी तर जरा जास्तच हळू विचारतो.

"या वेळी तिच्याशी बोलल्याशिवाय परत येऊ नका," सौ. म्हणाली आणि तिनं डबाभर दशम्या बांधून दिल्या.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी सांगतो. जळगावहून सकाळची गाडी धरावी. चाळीसगावला उतरून धुळ्याची गाडी घ्यायची. ती कधी सुटेल हे स्टेशनमास्तरला विचारू नये, त्यालाही वाईट वाटतं. धुळ्याहून साक्रीला मोटर जाते. लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, म्हणून मोटरी कोळशावर चालतात. पाठीमागे पिंपाएवढी भट्टी आणि आत धूर. पांढरे कपडे घालून जाऊ नका. चढ आला तशी मोटर थांबली आणि ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "उतरा बठ्ठा. गाडीले दम लागना शे."

माझ्या शेजारचे मारवाडी शेठ धोतर सावरत उतरले आणि मोटर ढकलता ढकलता मला म्हणाले, "मास्तर, भाडं आपण द्यायचं का घ्यायचं?"

साक्रीहून पुढं दोन कोस बैलगाडी. पांझरेच्या काठी आंबराई आहे, तिच्यात तट्ट्यांच्या झोपड्या घातलेल्या. घोंगडी आणि तांब्या आपला न्यावा, आणि धान्य. धान्य न्यावंच लागतं, कारण हल्ली दोनशे माणसांचं धान्य एका ठिकाणी मिळणं कठीण. आल्या आल्या प्रत्येकानं आपली पिशवी एका मोठ्या चादरीवर ओतायची. माझी जळगावची ज्वारी पडली, कुणाची बाजरी, डोंगराकडच्यांची नागली. मग बाया ते सगळं एकत्र दळतात. तिथली भाकरी कुणाच्या शेतातली ते सांगता येत नाही.

चुलीपाशी दावीद होता. सगळ्या स्वयंपाकाची जबाबदारी त्याच्याकडे. उंच, अंगानं वाळका, डोक्याला फडकं बांधलेलं. शेजारी एस्तेर भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं.

"आलास, दादा?"

"हो," म्हणालो आणि घोंगडी टाकायला जागा शोधत पुढं गेलो. चार वर्षांनंतरचं आमचं बोलणं एवढंच.

जेवणाची पंगत बसली आणि दावीद स्वतः वाढायला आला. मी उठलो. पोट बरं नाही असं शेजारच्या अक्कांना सांगितलं, डबा उपरण्याखाली घेतला आणि नदीकडच्या खडकाआड बसून दोन दशम्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. सकाळी गार पाण्यानं तोंड धुवावं, झाडाखाली प्रवचन ऐकावं, भजनं म्हणावीत, आणि जेवायची वेळ झाली की खडक गाठावा. भजनं फार सुरेख होत होती. झांजांच्या तालावर म्हाताऱ्या बाया डोळे मिटून गात आणि माझ्याही अंगावर काटा येई. पण डबा होताच.

तिसऱ्या दिवशी कुणी तरी मला पंगतीत ओढायला लागलं, तेव्हा अक्का सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मास्तरले आग्रह नका करू. त्यास्ना उपास शे."

झालं. दुपारपर्यंत सगळ्या आंबराईत ती बातमी. लोक मला आदरानं वाट करून द्यायला लागले. एक म्हातारा आजारी सुनेसाठी प्रार्थना करा म्हणून माझा हात धरून बसला. शिबिर चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी तर दुसऱ्या दिवशीच्या प्रभुभोजनाआधीची, म्हणजे भाकरी-द्राक्षरसाच्या विधीआधीची, प्रार्थना माझ्याकडे दिली. तिथली रीत अशी, की त्याआधी कुणाच्या मनात कुणाबद्दल अढी असेल तर ती सगळ्यांसमोर मोकळी करायची. मी नाही म्हणालो नाही. मान मिळाला की माझ्या तोंडून नाही निघत नाही.

संध्याकाळी एस्तेर राखेनं पातेली घासायला नदीवर आली. मी तिथंच होतो.

"दादा, उपास कशासाठी धरलास?"

मी उगाच एक पातेलं विसळायला घेतलं.

"दशम्या वहिनीच्या हातच्या ना? खडकावर मुंग्या लागल्यात." ती घासतच होती. "तू पंगतीत बसत नाहीस हे पाहून दावीदही कालपासून जेवलेला नाही. तुझ्यावर काहीतरी मोठं ओझं आहे, तुला सोबत करायची, म्हणतो. दोनशे माणसांना वाढतो आणि स्वतः पाणी पितो. मी त्याला काही सांगितलेलं नाही. तू सांग."

तिनं पातेली उचलली आणि ती गेली. मला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती.

सकाळी प्रार्थनेला उभा राहिलो आणि प्रार्थना केलीच नाही. "माझा उपास नाही," म्हणालो. "तीन दिवस खडकाआड दशम्या खाल्ल्या. माझ्या मेहुण्याच्या हातचं खायचं नव्हतं म्हणून. चार वर्षं बहिणीशी बोललो नाही तेही त्याच कारणानं." एवढं बोलून मी खाली बसलो. अक्का खाली मान घालून बसल्या होत्या.

मागून दावीद उठला. तो रागावेल याची मी तयारी केली होती. त्यानं फडक्यानं हात पुसले आणि म्हणाला, "मंग प्रभुभोजन व्हयनं का या मास्तर, जेवाले. माले बी भूक लागनी शे."

त्या दुपारी आम्ही शेजारी बसलो. उडदाची डाळ आणि तीन धान्यांची भाकरी. मला रडू आलं, ते झाकायला डाळ तिखट आहे म्हणालो.

"आज मिरची टाकलीच नाही," एस्तेर म्हणाली आणि आणखी एक भाकरी वाढली.

घरी आलो तेव्हा सौ.नं डबा उघडला. आत दावीदनं वाटेसाठी भाजून दिलेल्या भाकऱ्या होत्या. कुणी केल्या म्हणून तिनं विचारलं, मी सांगितलं. तिनं तुकडा मोडला आणि उभ्या उभ्याच खाल्ला.

काय उरलं, असं विचाराल तर प्रवचनं निम्मी विसरलो. भजनाच्या दोन चाली राहिल्यात, त्याही बेसूर. एस्तेर आणि दावीद ईस्टरला आमच्याकडे येणार आहेत. परवा उपासनेनंतर मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पाहुणे कुठले म्हणायचे?" प्रश्न माझ्या चांगल्या ओळखीचा होता.

"आमच्या घरचे," म्हणालो. म्हणायला जरा वेळ लागला, तेही लिहून ठेवतो.