सगळ्यांनी ऐकलेली प्रार्थना

ताई गेली त्या दिवशी सकाळी तिनं तीन चमचे पेज खाल्ली आणि मला म्हणाली, "ओकनाम, दॉकचिल येईल बघ मातीला. त्याला उपाशी पाठवू नको."

मी म्हटलं, "त्या मुडद्याच्या वाडग्यात मी थुंकेन."

"थुंक. पण वाढ."

असं बोलायची आमची पिलनामताई. मरायला टेकली होती, पलीकडं मोक्पो शहरातल्या डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलं होतं, आणि हिला काळजी कुणाची, तर हिच्याच पोटचा पोर खाल्लेल्या माणसाच्या जेवणाची. मी रागानं पेजेचं भांडं आपटलं. ती हसली. "शब्द दे," म्हणाली. मी दिला नाही. दुपारी परत मागितला, तेव्हा दिला, कारण तिला श्वास पुरत नव्हता. चार वाजता गेली. तोंडावर असं समाधान, जशी उन्हात खायच्या शेवाळाच्या चटया वाळत टाकून जरा टेकलीय.

दॉकचिल कोण ते सांगते. आमच्या बेटावर त्याची समुद्रातलं शेवाळ काढायची होडी होती. सव्वीस वर्षांपूर्वी वारं सुटलेलं, बाकी सगळ्यांनी होड्या वर ओढल्या, पण ह्याला शेवाळाची जाळी वाचवायची होती. ताईच्या पोराला, गिलसूला घेऊन गेला. बावीस वर्षांचा पोर. होडीत तरंगायचं जाकीट एकच, ते ह्यानं अंगात घातलं. होडी उलटली. हा आला, गिलसू आला नाही. बरं, एवढ्यावर थांबला का? पोलिसांना सांगितलं, पोरगा प्यालेला होता. गिलसू! ज्यानं जन्मात दारूचा थेंब चाखला नाही! माझं तेव्हापासून एकच मागणं, हा पण पाण्यातच मरू दे, आणि हळूहळू.

ताईचं पण तेच होतं आधी. लोक आता म्हणतात केवढी शांत बाई. दहा वर्षं काय होती ते मला विचारा. रोज पहाटे पाचला चर्चमध्ये हजर. आमच्याकडं पहाटेच्या प्रार्थनेला सगळे एकदम मोठ्यानं बोलतात, कोण कर्जाचं, कोण सुनेचं, कोण गुडघ्याचं. नुसता गलका. शेजारचीचं शेजारचीला कळत नाही. पाळकानं छोटी घंटा वाजवली की गप्प. ताई त्या गलक्यात ओरडून ओरडून दॉकचिलचं मरण मागायची. मला माहीत होतं, मी शेजारी बसून तेच मागायचे.

दहाव्या वर्षीच्या हिवाळ्यात ताईचे कान सर्दीनं बंद झालेले. घंटा वाजली, सगळे गप्प. हिला ऐकूच आली नाही. डोळे मिटलेले, मुठी जमिनीवर आपटत चाललीय, "प्रभू, त्याला मार! त्याचे दोन्ही पोरगे ने! त्याच्या बायकोला माझ्यासारखं बसव!"

आणि दॉकचिलची बायको दोन ओळी पुढं बसलेली.

मी ताईचा हात ओढला तेव्हा तिनं डोळे उघडले. सगळं चर्च तिच्याकडं बघतंय. पाळक पण. दॉकचिलची बायको उठली. मला वाटलं आता झिंज्या धरणार, मी बाह्या वर केल्या. पण ती आली आणि ताईसमोर कपाळ टेकून नुसती रडायला लागली.

घरी येताना मी म्हटलं, "बरं झालं ऐकलं तिनं."

ताई म्हणाली, "तिनं आज ऐकलं. तो वरचा दहा वर्षं ऐकतोय. असलं घाण घाण. एकदा पण मला बाहेर हो म्हणाला नाही. त्याचा पण पोरगा मारला ना गं लोकांनी, आणि तो मारणाऱ्यांशीच समेट करत बसला. मी दॉकचिलशी भांडतच नव्हते, ओकनाम. मी देवाशी भांडत होते. आता दमले. आज मिटवलं."

मला वाटलं चार दिवसांचं आहे. सोळा वर्षं टिकलं. गिलसूच्या वाढदिवसाला रडायची, पण मुठी कधी वळल्या नाहीत. ते खोटं नव्हतं, मी जवळून बघितलंय. देवानं तिला शांती दिली, मानते मी. मला द्यायला आला तर म्हणेन, थांब, आधी त्या दॉकचिलचा हिशेब कर.

ताई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दॉकचिल घरी आलाच. सत्तरीचा झालाय. ताईच्या फोटोपुढं उभा राहिला, मान वर काढेना. "वहिनी, पोरगा प्याला नव्हता," एवढं म्हणाला, फोटोला. सव्वीस वर्षांनी. ऐकायला कोण, मी आणि मातीला आलेल्यांसाठी मांसाचा लाल रस्सा ढवळणाऱ्या दोन बाया.

मी त्याला वाढलं. थुंकले नाही. पण मांसाचा एक तुकडा वर येऊ दिला नाही, नुसतं रश्श्याचं पाणी आणि भाजीचे देठ. त्यानं सगळं पिऊन वाडगं दोन्ही हातांनी परत दिलं. मी म्हटलं, "तिनं सांगितलं म्हणून. मी नाही."

"माहितीय," म्हणाला.

तो आत पाळकाशी बोलत होता तेव्हा मी दारात गेले. सगळ्यांचे बूट काढलेले. त्याचा उजवा बूट मी पायानं पाण्याच्या टाकीखाली ढकलला. बाहेर आल्यावर शोधायला लागला. थंडीत, एका पायावर, भिंत धरून, लंगडत. दुसऱ्यांचे बूट उचलून बघतोय, परत ठेवतोय. कुणाला विचारत पण नाही. मी हात पुसत उभी राहून बघत होते. बराच वेळ बघितलं.

मग म्हटलं, "टाकीखाली बघ."